टेडीची पार्टी पहिल्यांदाच करताय? खेळ आणि हस्तकलेची तयारी, पायरी पायरीने

टेडीची थीम ठरली की मोठ्यांचं डोकं आधी सजावटीकडे धावतं. तपकिरी फुगे, टेडीच्या पताका, भिंतीवर भलंमोठं अस्वल. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यात पाच मिनिटं रस असतो, मग ती पताका ओढायला लागतात. त्यांना खरी गंमत वाटते ती स्वतःच्या टेडीला काहीतरी काम मिळालं की. टेडी लपतो, आजारी पडतो, चादरीवरून उडतो, पाठीवर बसून रपेट मारतो. म्हणून इथे दिलेला प्रत्येक खेळ एकाच सूत्रावर बेतलेला आहे: प्रत्येक मूल आपला टेडी घेऊन येईल आणि तो टेडी शेवटपर्यंत खेळात राहील. सजावट जमली तर करा. नाही जमली तरी कोणाचं काही अडत नाही.

आठवडाभर आधी

पाहुण्यांची संख्या आवरती ठेवा. मुलाचं जेवढं वय तेवढे मित्र, फार तर एखाद-दुसरा जास्त, हा जुना हिशोब पहिल्या पार्टीसाठी उत्तम. जास्त मुलं येणारच असतील तर दर चार मुलांमागे एक मोठं माणूस हाताशी हवं, आणि ते फोटो काढणारं नको, कात्री आणि गम सांभाळणारं हवं. वेळ दीड तास. दोन तासांच्या पुढे या वयाची मुलं दमतात आणि दमली की भांडतात. दुपारच्या झोपेची वेळ तर टाळाच.

निमंत्रणात दोन गोष्टी लिहा. मुलासाठी: ‘येताना तुझा टेडी घेऊन ये. अस्वल नसेल तर ससा, हत्ती, कुत्रा, कुठलंही मऊ खेळणं चालेल.’ पालकांसाठी: ‘ज्याच्याशिवाय रात्री झोप लागत नाही तो टेडी कृपया घरीच ठेवा.’ ही दुसरी ओळ विसरू नका. तो टेडी रंगात बुडाला किंवा दुसऱ्याच्या पिशवीतून गेला, तर त्या घरातली रात्र काही खरी नाही. कोणाला काय खाऊन त्रास होतो, तेही याच वेळी विचारून घ्या. आणि स्वतःकडे दोन-तीन जादा टेडी काढून ठेवा, कारण कोणीतरी विसरून येणारच.

गाणारे, बोलणारे, दिवे लागणारे टेडी नकोत असं सांगितलंत तर बरं. त्यांच्यात बहुतेकदा बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिकेला जखम करते आणि तो तातडीने दवाखाना गाठायचा प्रसंग असतो. तरीही असा टेडी आलाच तर बॅटरीचं झाकण स्क्रूने घट्ट बसलंय ना, ते आधी बघा.

सुरक्षेच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बारकी वस्तू घशात अडकेल का हे तपासायला टॉयलेट रोलची रिकामी नळी वापरा: नळीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचं नाही. हलणारे प्लास्टिकचे डोळे, मणी, बटणं, सगळी यात येतात. डोळे कागदाचे कापले किंवा स्केचपेनने काढले तरी टेडी तितकाच गोड दिसतो. फुगे लावलेत तर उंच लावा आणि फुटलेल्याचे तुकडे लगेच उचला. घशाला चिकटणाऱ्या रबराचा धोका आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनाही असतो. ग्लू गन मोठ्यांनी आदल्या रात्री वापरायची, मुलांसमोर नाही. आणि अस्वलाची पार्टी म्हणजे मध आलाच, तर लक्षात ठेवा: एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचासुद्धा नाही. त्यात बोट्युलिझम हा गंभीर आजार करणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि इतक्या लहान बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. पाहुण्यांची धाकटी भावंडं सोबत येतात, म्हणून हे सांगावं लागतं.

क्रम असा लावा

खेळ कोणते यापेक्षा ते कोणत्या क्रमाने येतात याने पार्टी तरते किंवा बुडते. सगळी मुलं एकाच वेळी येत नाहीत, म्हणून सुरुवात हस्तकलेने. आलेलं मूल थेट टेबलाशी बसतं, रुसलेलं किंवा लाजाळू मूलसुद्धा हातात काम आल्यावर सैलावतं. साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी पळापळीचे खेळ. मग धाप लागलेल्यांना खाली बसवून एखादी गोष्ट आणि खाऊ. मुलं खाऊ खातात तेवढ्यात कोणीतरी एकाने सगळे टेडी लपवून ठेवायचे, कारण शेवटचा खेळ टेडी शोधण्याचा. हा शेवटी ठेवण्यात फायदा असा, की खेळ संपतो तेव्हा प्रत्येकाचा टेडी आपोआप ज्याच्या त्याच्या हातात असतो आणि दाराशी शोधाशोध उरत नाही.

मूल आल्याआल्या टेडीच्या पायाला रिबीन बांधा किंवा मास्किंग टेपची पट्टी लावा आणि वर मुलाचं नाव लिहा. दुकानात शेजारी शेजारी बसलेले दोन तंतोतंत सारखे टेडी तुमच्याकडे येऊन भेटण्याची शक्यता वाटते त्याहून जास्त आहे.

पहिलं काम: अस्वलाचे कान

हे सगळ्यांत सोपं, आणि घातलं की मुलं पार्टीभर अस्वल होतात.

१. जाड तपकिरी कार्डशीटची साधारण ६० सेंटिमीटर लांब आणि ४ ते ५ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. या वयात डोक्याचा घेर ५० सेंटिमीटरच्या आसपास असतो, उरलेला भाग एकावर एक चढवायला लागतो. कागद लहान असेल तर दोन पट्ट्या जोडा.

२. ७ ते ८ सेंटिमीटर व्यासाचे दोन गोल कापून त्यांची खालची कड सरळ करा. आतल्या कानासाठी फिक्या रंगाचे छोटे गोल. हे सगळं कापकाम आदल्या दिवशीच उरकायचं, प्रत्येक मुलाचा संच वेगळ्या पाकिटात भरून ठेवायचा.

३. मुलांनी काय करायचं? छोटे गोल मोठ्या गोलांवर चिकटवायचे आणि मग कागद फाडायचा. तपकिरी कागदाचे बोटभर तुकडे फाडून कानांवर लावले की फरसारखं दिसतं. कात्रीची गरज नाही, आणि फाडायला परवानगी मिळाली या आनंदात मुलं दहा मिनिटं मान वर करत नाहीत.

४. कान पट्टीला चिकटवून पट्टी डोक्याभोवती मापून सेलोटेपने जोडा. स्टेपलर वापरलात तर पिनेची टोकं बाहेरच्या बाजूला येऊ द्या आणि वरून टेप लावा, नाहीतर केसांत अडकतात.

लवकर आलेल्यांसाठी दुसरं काम तयार असू द्या: काट्याचं अस्वल. जेवायच्या काट्याने रंगवलेला फर इतका खरा दिसतो की मोठ्यांनाही करून बघावासा वाटतो. कागदावर वाटी उपडी ठेवून पेन्सिलने गोल काढा, वर दोन छोटे गोल कानांचे. जाडसर पाण्याचा रंग ताटलीत पसरा, त्यात काट्याची पाठ बुडवा आणि गोलाच्या मधून बाहेरच्या दिशेने ओढा. काट्याच्या दातांच्या रेघा म्हणजेच केस. तपकिरी रंग तयार न आणता मुलांना बनवू द्या: पिवळा जास्त, लाल थोडा, नारिंगी झाला की निळ्याचा एक-एक थेंब. निळा जास्त पडला तर काळपट होतो. तसं झालं तर म्हणायचं, हे काळं अस्वल. तोंड, नाक आणि डोळे वेगळ्या कागदाचे, रंग सुकल्यावर चिकटवायचे. सुकायला अर्धा तास धरा, म्हणजे खाऊच्या वेळी चेहरे पूर्ण करता येतील.

मुखवटे बरेचजण करतात. मला तितकेसे पटत नाहीत. चेहऱ्यावर काही बांधलेलं तीन-चार वर्षांच्या मुलाला आवडत नाही, समोरचं दिसत नाही आणि पळताना मुलं आपटतात. करायचेच असतील तर कागदी प्लेटला खालून आइस्क्रीमची काडी लावा आणि हातात धरू द्या. डोळ्यांची भोकं ऐसपैस ४ सेंटिमीटरची, म्हणजे नेमकं माप जुळवत बसायला नको.

पाच वर्षांच्या पुढच्यांना मोज्याचा टेडी जमतो, शिवणाशिवाय. बोटांकडचा भाग मुठीएवढा कापसाने भरा आणि खाली रबरबँड घाला: हे डोकं झालं. त्याखाली आणखी कापूस भरून पोट करा, शेवट घट्ट बांधा, उरलेला मोजा कापून टाका. डोक्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांना चिमटीत धरून छोटे रबरबँड गुंडाळले की कान उभे राहतात. चेहरा मार्करने, मानेला रिबीन. रबरबँडवरून दोऱ्याची गाठ मारून ठेवा, म्हणजे ते निसटून धाकट्याच्या तोंडात जाणार नाहीत. याला एका मुलामागे पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्यामुळे मुलं चारपेक्षा जास्त असतील तर हे करायला जाऊ नका.

पळापळीचे खेळ

एक नियम सुरुवातीलाच: कोणीही ‘आउट’ होणार नाही. बाद झालेलं चार वर्षांचं मूल कोपऱ्यात बसून इतरांचा खेळ बघत नाही, ते रडतं किंवा गमचा डबा उघडतं. या पार्टीत सगळेच कच्चे लिंबू आहेत असं धरून चाला. हरण्याजिंकण्याची मजा सहा-सातव्या वर्षानंतर कळायला लागते, तेव्हा बघता येईल.

अस्वल झोपलंय. ज्याच्यावर राज्य आहे ते मूल अस्वल. ते मधोमध डोळे मिटून बसतं, मागे मधाची बरणी. बरणी म्हणजे झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत पाच-सहा लाकडी ठोकळे. बाकीचे गोल करून बसतात. मोठं माणूस खुणेने एकाला उठवतं, ते चवड्यांवर येऊन बरणी उचलून परत जातं. खडखडाट ऐकला की अस्वल त्या दिशेला बोट दाखवतं. बोट बरोबर असेल तर राज्य बदललं, नसेल तर अस्वलाला आणखी एक संधी. डब्यात ठोकळे जास्त असले की चोरी अवघड आणि अस्वलाचं काम सोपं. मुलांच्या वयाप्रमाणे ठोकळे वाढवा-कमी करा. धाकटी मुलं डोळे किलकिले करून बघतात. बघू द्या. इथे सगळ्यांत मोठी मजा श्वास रोखून चालण्यात आहे, आणि इतकी गोंगाट करणारी मुलं अचानक कशी गप्प होतात हे बघण्यासारखं असतं.

टेडी स्टॅच्यू. डोक्यावर टेडी ठेवून गाण्यावर नाचायचं, गाणं थांबलं की स्टॅच्यू. टेडी पडला तर त्याला उचलून एक पापी द्यायची आणि पुन्हा खेळायला लागायचं. दोन फेऱ्यांनंतर जागा बदला: खांद्यावर, कोपरात, दोन गुडघ्यांच्या मधे. गुडघ्यांची फेरी आली की पार्टी हसून लोळते.

चादरीवरचे टेडी. मोठी चादर अंथरा, सगळ्यांनी कडेने पकडा, मधे सगळे टेडी. ‘झुळूक’ म्हटलं की हळू हलवायचं, ‘वारा’ म्हटलं की जोरात, ‘वादळ’ म्हटलं की टेडी उडाले पाहिजेत, आणि ‘शांत’ म्हटलं की सगळं गार. यात शिकवण्यासारखंही बरंच आहे: हलका टेडी आधी उडतो का मोठा, सगळ्यांनी एकदम ओढलं नाही तर काय होतं. पण मुलांना ते समजावत बसू नका, त्यांचं त्यांना दिसतं. चादरीवर कोणत्याही मुलाने बसायचं नाही हे मात्र आधीच बजावा, कारण कोणीतरी विचारणारच.

अस्वलाची वाट. उश्यांवरून, टेबलाखालून, चादर घातलेल्या दोन खुर्च्यांच्या बोगद्यातून हातापायांवर चालत जायचं, गुडघे न टेकता. अस्वलं तशीच चालतात. पाठीवर टेडी. शर्यत लावू नका. एकामागून एक सोडा आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवू द्या. दुसऱ्या फेरीत मुलं स्वतःच वाट बदलतात, तेव्हा मधे पडू नका.

अस्वलाला नाक लावण्याचा खेळ सगळ्यांना माहीत असतो. त्यात फक्त दोन बदल सुचवते: टाचणीऐवजी मागे टेप लावलेलं कागदी नाक, आणि डोळ्यांवर पट्टी न बांधता स्वतःच्या एका हाताने डोळे झाकायचे. आंधळ्या कोशिंबिरीची पट्टी कित्येक लहानांना घाबरवते.

बसवायचं कसं

खाऊच्या आधी गोल करून बसवा आणि टेडीचा जन्म कसा झाला ते सांगा. पाच मिनिटांची गोष्ट आहे आणि खरी आहे. १९०२ चा नोव्हेंबर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलांच्या शिकारीला गेले होते. त्यांना शिकार मिळेना, तेव्हा सोबतच्या लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधलं आणि म्हणाले, मारा याला. रूझवेल्टनी बांधलेल्या प्राण्यावर गोळी झाडायला नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन नावाच्या व्यंगचित्रकाराने त्यावर चित्र काढलं, ते १६ नोव्हेंबरला ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये छापून आलं. ब्रुकलिनमधले दुकानदार मॉरिस मिक्टम आणि त्यांची पत्नी रोझ यांनी ते बघून कापडाचं अस्वल शिवलं, काचेमागे मांडलं आणि त्याला राष्ट्राध्यक्षांचं लाडकं नाव दिलं: टेडी. साधारण त्याच सुमारास जर्मनीत रिचर्ड श्टाइफ हातपाय हलणारं अस्वल तयार करत होते. १९०३ मध्ये ते लाइपझिगच्या जत्रेत मांडलं गेलं आणि तिथून अमेरिकेत पोचलं. (खऱ्या गोष्टीत त्या बांधलेल्या अस्वलाचा शेवट काही गोड झाला नाही. जखमी होतं, म्हणून त्याला नंतर मारलंच. मुलांना एवढं सांगायची गरज नाही.) गोष्टीनंतर प्रत्येकाने आपल्या टेडीचं नाव आणि त्याला आवडणारी एक गोष्ट सांगायची. ज्याला बोलायचं नाही त्याच्या कानात त्याचा टेडी सांगेल.

टेडीचा दवाखाना

एकच खेळ निवडायचा झाला तर मी हा निवडेन. कित्येक देशांत वैद्यकीय विद्यार्थी लहान मुलांसाठी असे दवाखाने भरवतात. टेडीची तपासणी बघता बघता मुलांची डॉक्टरांविषयीची भीती कमी व्हावी, हा त्यामागचा हेतू. घरी भरवायला फार काही लागत नाही: जुन्या पांढऱ्या शर्टाचा कोट, खेळण्यातला स्टेथोस्कोप, बँडेजची पट्टी किंवा फाडलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या, मोजपट्टी, सुई नसलेली मोठी सिरिंज, बिछान्यासाठी बुटांचे खोके.

तीन टेबलं मांडा. पहिल्यावर नावनोंदणी: टेडीचं नाव, उंची, ‘काय होतंय’. उंची मुलांनीच मोजपट्टीने मोजायची. दुसऱ्यावर तपासणी, तिसऱ्यावर मलमपट्टी. मूल आई किंवा बाबा होतं, डॉक्टर आधी एक मोठं माणूस आणि मग मुलं आळीपाळीने. ‘काय होतंय’ याची उत्तरं लक्ष देऊन ऐका. पोट दुखतंय, पडला, हे तर असतंच. पण ‘त्याला शाळेत जायचं नाहीये’ असंही ऐकू येतं. घाईने सल्ला देऊ नका, टेडीला विचारा की बरं वाटायला काय लागेल. इंजेक्शन द्यायचं तर मूल टेडीचा पंजा धरेल, एक-दोन-तीन म्हणेल, मग पट्टी. ‘दुखणार नाही’ असं टेडीलाही सांगू नका. ‘थोडंसं दुखेल, लगेच थांबेल’ हेच खरं आहे, आणि पुढच्या लसीच्या वेळी तेच वाक्य कामाला येतं.

गुंडाळायच्या पट्ट्या भरपूर ठेवा. एका टेडीला डोक्यापासून पायापर्यंत बांधून टाकणारं मूल प्रत्येक पार्टीत असतं. पट्टी फक्त टेडीला, मित्राच्या गळ्यात नाही, एवढं बघा. मलमपट्टी झालेला टेडी बुटाच्या खोक्यात झोपवायचा, वर हातरुमालाचं पांघरूण. मुलं पाच-सहाच असतील तर दवाखाना पळापळीनंतर ठेवा. जास्त असतील तर एक गट दवाखान्यात, दुसरा काट्याच्या अस्वलापाशी.

शेवटचा शोध

झोपलेले टेडी ‘फिरायला गेले’ असं मुलांना सांगूनच लपवा. न सांगता खोकी रिकामी दिसली तर दोन-तीन जण भोकाड पसरतील. लपवताना प्रत्येक टेडीचा एखादा कान किंवा पाय दिसत राहील असं बघा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा खाली, म्हणजे कोणी कपाटावर चढणार नाही. कुठे काय ठेवलं त्याची यादी खिशात हवी. दुसऱ्याचा टेडी दिसला तर ओरडायचं नाही, त्या मित्राच्या कानात ‘गरम’ किंवा ‘थंड’ सांगायचं. याने लवकर सापडलेल्यांनाही काम उरतं.

दाराशी निघताना पायाच्या पट्टीवरचं नाव वाचूनच टेडी पिशवीत जाऊ द्या. ओली चित्रं देऊ नका, नाव लिहून दोरीवर टांगा आणि दुसऱ्या दिवशी पोचवा. मास्किंग टेप त्याच दिवशी काढायला पालकांना सांगा, फार दिवस राहिला तर चिकटपणा फरवर उतरतो. रंग लागला असेल तर तो भाग साध्या पाण्याने आणि थोड्या साबणाने पुसायचा, अख्खा टेडी भिजवायचा नाही. आतला कापूस सुकायला दोन-दोन दिवस घेतो.